गुरुद्वाऱ्याकडची संध्याकाळ

गुरुवार, रात्र

लेक आत्ता झोपली. झोपेपर्यंत उशीच्या कडेवर बोटं चालूच होती. संध्याकाळी गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात ऐकलेला ठेका तिला नीट धरायचा होता.

आम्ही तरोड्याकडचे. राज कॉर्नर, आयटीआय, कलामंदिर एवढ्यात आमचं नांदेड संपतं. वजिराबादच्या पुढचा भाग म्हणजे पाहुणे आले की दर्शनाला न्यायचा किंवा गाडी पकडायला जाताना रिक्षातून ओलांडायचा. स्टेशनचं नाव हुजूर साहिब नांदेड आहे, पण मी 'नांदेड' एवढंच म्हणत आलो. गाणं ऐकायचं असेल तर कुसुम सभागृहात किंवा शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात काही आहे का ते बघायचं, नाहीतर थेट संभाजीनगर-पुण्याची वाट धरायची. चिखलवाडीच्या पलीकडे रोज पहाटेपासून गाणं चालतं, आणि तेही रागांच्या नावानं मांडलेलं, याची आठवण मला लेकीच्या तबल्यानं करून दिली. तिच्या वर्गातला एक सरदार मुलगा तिकडचा. त्याला घरी सोडायला म्हणून जाऊ लागलो, आणि आता त्याला सोडायचं नसलं तरी जातो.

त्या मुलाचे वडील दारातच असतात. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या. मराठी आमच्यासारखीच, किंबहुना माझ्यापेक्षा जास्त इथली. "या की बसा, चहा घेतल्याबगर कसं जाताव?" असं म्हणून हात धरून बसवतात. घरात पेटी आहे, तिला ते वाजा म्हणतात. पेटी कीर्तनात फार उशिरा आली, असं त्यांनी सांगितलं. त्याआधी रबाब, सारंदा, ताऊस, दिलरुबा ही तारेची वाद्यं. गुरू नानकांसोबत भाई मर्दाना रबाब घेऊनच फिरले. हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला होता की जणू परवाच दोघं गोदावरीकाठानं गेले.

शनिवार

आज गुरुद्वाऱ्यात जरा निवांत बसता आलं. जोडाघरात चपला दिल्या, हातपाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला. दिवसभर तापलेली फरशी अजून पायाला ऊन लागत होती.

गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथेच देह ठेवला आणि त्याआधी ग्रंथालाच गुरू केलं, हे नांदेडच्या प्रत्येक पोराला शाळेत कळतं. सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात उभारली, तेही पाठ असतं. पण त्या ग्रंथाची रचनाच रागांप्रमाणे आहे, हे गाण्याची आवड असलेल्या माणसाला वेगळंच भिडतं. 1430 पानं, 31 राग. सुरुवातीची नित्यपाठाची बाणी सोडली की श्रीरागानं आरंभ आणि शेवटचा राग जयजयवंती. पदाच्या वर आधी रागाचं नाव, मग रचना कोणाची ते. ज्या परंपरेत रागाचं नाव पानाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, तिच्यापुढे मी नुसता श्रोता म्हणून बसलो तरी मला घरी आल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी इथे दिवे ओवाळून आरती होते. पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वाऱ्यांत अशी पद्धत नाही, हे तिथून आलेल्या यात्रेकरूंच्या चेहऱ्यावरही दिसतं. ते टक लावून बघत राहतात. आरतीचं मूळ पद धनासरीतलं. भीमपलासीचेच स्वर, पण भीमपलासी जशी मध्यमाशी रेंगाळते तसं इथे नाही. पंचम धरून ठेवलेला असतो. आज गाणाऱ्यांनी चाल जरा हलकी घेतली होती. सगळेच जत्थे, म्हणजे कीर्तन गाणाऱ्यांचे गट, शुद्ध रागात गातात असं नाही, सिनेमाच्या वळणाच्या चालीही ऐकू येतात आणि त्या मला खटकतात. पण मधूनच एखादे वयस्क रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, पंचमावर असे काही थांबतात की बाकी सगळं विसरायला होतं.

आणि टाळ्या नाहीत. निवेदक नाही, शाल-श्रीफळ नाही, "आता आपल्यासमोर येत आहेत" नाही. एक जत्था उठतो, दुसरा बसतो. गाणं ग्रंथासमोर चाललेलं असतं, आपण बाजूला बसून ऐकायचं. कुणी पोर मांडीवर झोपतं, कुणी उठून लंगरात वाढायला जातं. लेकीला सभागृहात पहिल्या तासातच कंटाळा येतो. इथे ती भिंतीला टेकून तबलजीच्या डग्ग्यावरून नजर हलवत नाही. मुलांना गाणं असंच लावावं, ये-जा करता येईल अशा ठिकाणी, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

आज एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवतो. एका शबदात, म्हणजे ग्रंथातल्या पदात, 'बीठल' आलं. लेकीनं चटकन माझ्याकडे पाहिलं. पुढे शेवटच्या ओळीत 'नामा' आलं, तेव्हा तिला राहवलं नाही. "बाबा, आपले नामदेव?" आपलेच. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. नरसीचा माणूस, आमच्याच मराठवाड्याचा, पंजाबात घुमानपर्यंत गेला. 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा पेपरात सगळं वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. आज त्याचा शबद गोदावरीकाठी, पगडीतल्या माणसाच्या गळ्यातून ऐकला. माझे वडील एकादशीला त्याचेच अभंग म्हणायचे, टाळ हातात घेऊन. शबदातही रहाऊची, म्हणजे टेकेची, ओळ पुन्हा पुन्हा येते, अभंगात ध्रुवपद येतं तशी. लेकीला तो सांगाडा लगेच कळला. मला बोलायला काही सुचलं नाही. डोळे भरून आले होते, ते तिनं पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

मंगळवार

आज वडिलांशी, म्हणजे त्या मुलाच्या वडिलांशी, आसा रागाबद्दल बोलणं झालं. 'आसा दी वार' पहाटे गातात. चढताना दुर्गा रागाचेच स्वर, सा रे म प ध. उतरताना शुद्ध गंधार आणि निषाद भेटतात. मी गुणगुणून दाखवलं. त्यांनी वाजावर गंधाराचं ते वळण, सा-पाशी परत येणारं, तीनचारदा वाजवून दाखवलं, आणि मग मलाही गायला लावलं. माझा गळा कधीच पहाटेचा नव्हता, पण त्यांनी थांबू दिलं नाही.

लेकीला त्यांनी पडताल समजावला. एकाच रचनेत ताल बदलत जातो, आणि ग्रंथातच पदावर 'पडताल' असं लिहिलेलं असतं. ती घरी आल्यापासून तीनतालातून रूपकात उडी मारायच्या खटपटीत आहे. अजून सम चुकते. सरांना विचारायचं म्हणते.

हा भाग मला आता पाठ होत चालला आहे. नगीना घाट, बंदा घाट, लंगर साहिब, कडी आणि कंगव्यांची दुकानं, पंजाबातल्या गाड्यांच्या पाट्या, निळ्या पगड्यांची पोरं सायकलवर. गोदावरीचं पाणी गागरीत भरून रोज पहाटे मिरवत आणतात, ते बघायला बायकोही येणार म्हणते. तिला गाण्यापेक्षा नदी जवळची.

येत्या रविवारी नरसीला जायचं ठरलं. नायगावकडची नरसी नाही, हिंगोलीकडची, नामदेवांची. दोन्ही घरं मिळून. त्यांचा वाजा आणि आमचा तबला दोन्ही घ्यायचे आहेत, तेव्हा शेजाऱ्यांची मोठी गाडी मिळते का ते उद्या सकाळी विचारायचं.