खिडकीवरची फट

मी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात स्ट्रक्चरल इंजिनिअर. रोजचा संबंध गोदामांचे स्लॅब आणि पुलांचे खांब यांच्याशी. नेब्रास्काच्या मध्यावर, कस्टर काउंटीतल्या एका लहान संग्रहालयाचा निरोप आला: पूर्वीच्या वसाहतवाल्यांसारखं सॉडचं, म्हणजे गवताळ मातीच्या लाद्यांचं, घर बांधतोय, भिंती तपासून द्या. लातूरकडच्या धाब्याच्या घरात वाढलेला मी. मातीच्या भिंती मला काय नवीन? लगेच हो म्हणालो.

पण ही माती वेगळी. माळाचं गवत मुळांसकट नांगरून काढायचं, फूटभर रुंदीच्या लाद्या पाडायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून दोन-अडीच फूट जाडीची भिंत रचायची. चुना नाही, गारा नाही. मुळ्याच माती धरून ठेवतात. मुलखात झाडं फारशी नव्हतीच, तर लाकूड कुठून आणणार? चुलीतसुद्धा बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानटी गुरांच्या, रानशेणी. माझी आजी टोपलीत वेचून आणायची तशाच.

खिडकीच्या चौकटीवर चार बोटं फट सोडलेली दिसली. मला तो गवंड्याचा आळस वाटला. ठोकळे ठोकून, वर सिमेंट भरून घेतलं आणि सही करून निघालो.

सप्टेंबरात फोन आला. जाऊन बघतो तर चौकट धनुष्यासारखी वाकलेली आणि काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलेली. तिथं ऐंशीच्या घरातला एक म्हातारा मदतीला येतो. त्याचं लहानपण आजोबांच्या सॉडच्या घरात गेलेलं. तो काही बोलला नाही. पटाशी घेऊन माझे ठोकळे उकरायला लागला. मी टेप लावला. भिंत उन्हाळ्याभरात तीन इंच खाली आली होती. लाद्या वाळतात, दबतात, भिंत बसते. ‘बसते’ हा शब्द मी गावात शंभर वेळा ऐकलेला, पण सही करताना आठवला नाही.

हात चालू ठेवूनच त्यानं मला काचेची किंमत सांगितली, आजची नव्हे. 1872 साली नेब्रास्कात जमिनीत खोदून केलेल्या एका घराचा हिशेब टिकून आहे: दार, खिळे, छपरातून काढायचा धुराचा पाइप, सगळं धरून पावणेतीन डॉलरच्या आसपास. त्यातला सव्वा डॉलर एकट्या खिडकीचा! माती फुकट, मेहनत घरची. पैसे मोजायचे ते काचेला. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं 160 एकर सरकारी जमीन मिळायची, पण पाच वर्षं राहून, जमीन कसून, शेवटी दोन साक्षीदार उभे करावे लागत. त्या कागदांत घर केवढं, दारं-खिडक्या किती, हेही लिहिलेलं सापडतं. (जमीन ‘सरकारी’ म्हणायची एवढंच. पॉनी या मूळ रहिवासी जमातीचे लोक इथं पिढ्यानपिढ्या शिकार करत. 1870 च्या दशकात त्यांना ओक्लाहोमाकडे जावं लागलं.)

नवी काच बसली. वरच्या फटीत म्हाताऱ्यानं जुने शर्ट कोंबले. भिंत उतरेल तशा चिंध्या दबतील, काचेवर भार येणार नाही. एक बाही बाहेर लोंबत होती, ती त्यानं बोटानं आत सारली.

मी रिपोर्ट सुधारून पाठवला: ‘चौकटीवर चार इंच फट ठेवून तीत जुने कपडे भरावेत.’ दोन दिवसांनी आमच्या ऑफिसातून मेल आली: कपड्यांचं स्पेसिफिकेशन जोडलेलं नाही.