पीडीएफ टाकायला एवढा वेळ का? तुम्ही विचारलंत म्हणून

"पीडीएफ पाठवली आहे, फक्त साइटवर टाकायची आहे. त्याला चार दिवस काय करून राहिले तुम्ही?" पीएच.डी. प्रवेशाचा हंगाम आला की प्रत्येक विभागाकडून हा प्रश्न येतो. येतो तो फोनवर, आणि उत्तर ऐकायला समोरच्या सरांना किंवा मॅडमना सवड नसते. विद्यापीठाची साइट मी सांभाळतो, म्हणून लिहूनच ठेवतो.

फाइल चढवायला पाच मिनिटं लागतात. उरलेला वेळ जातो तो जाहिरातीत जे नाही ते तुमच्याकडून काढून घेण्यात.

शीर्षकापासून सुरुवात करू. "पीएच.डी.साठी अर्ज मागविण्यात येत आहेत" हे वाक्य सगळ्याच विभागांचं असतं. गोंदिया किंवा गडचिरोलीत बसून मोबाइलवर यादी चाळणाऱ्याला त्यातून काय कळणार? "कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या परिसरातील राखेचा भूजलावर परिणाम: एक जागा, प्रकल्पातून मानधन" असं लिहिलं तर रसायनशास्त्राची मुलगी थांबते आणि इतिहासाचा मुलगा पुढे सरकतो. दोघांचाही वेळ वाचतो.

जागांचा आकडाही असाच. नियमाने प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 संशोधक. त्यातले किती भरलेत, हे तुमच्या नावापुढच्या संशोधकांच्या यादीशी जुळलं पाहिजे, कारण ती यादीही साइटवर ठेवून दरवर्षी अद्ययावत करायची असते. यादीत आठ नावं आणि जाहिरातीत "रिक्त जागा 2" असेल तर फोन मलाच येतो. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे सांगायची पाळी माझ्यावर आली की मी उद्धट ठरतो.

पैशाचं कुणीच सरळ लिहीत नाही. "नियमानुसार फेलोशिप." कोणता नियम? उमेदवाराने नेट परीक्षेतून ज्युनियर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) मिळवली असेल तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि त्यानंतर 42,000 रुपये, शिवाय घरभाडं. आपलं नागपूर घरभाडं भत्त्याच्या सरकारी वर्गवारीत वाय वर्गातलं शहर, त्यामुळे घरभाड्याचा दर मुंबई-पुण्यापेक्षा कमी. पण ही रक्कम तो स्वतः कमावून आणतो, तुमचा विभाग देत नाही. तुमच्या प्रकल्पातून मानधन असेल तर प्रकल्पाचे किती महिने उरलेत ते लिहा. पीएच.डी. कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) धरून तीन वर्षांच्या आत होत नाही, सहापर्यंत चालते. प्रकल्पाचे वीस महिने उरले असतील तर पुढे काय, हे उमेदवाराला अर्ज करण्याआधी कळायला हवं. बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांची नावं जरूर द्या, महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात आहे. पण "मिळेल" लिहू नका. त्यांची निवड आणि त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

आता त्या जाहिरातीबद्दल. विभागाचं नाव घेत नाही. पात्रतेपुढे एवढंच होतं: "पदव्युत्तर पदवी, किमान 55 टक्के गुण." अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्क्यांची सूट यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमावलीतच आहे. ती ओळ गाळली गेली होती. आठवड्याने कुणाच्या तरी लक्षात आलं आणि शुद्धीपत्रक निघालं. ते असं: जावक क्रमांक, संदर्भ, आणि "उपरोक्त जाहिरातीतील मुद्दा क्र. 4 सुधारित नियमानुसार वाचावा." काय बदललं हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. विभागाच्या हट्टाखातर ते वेगळी पीडीएफ म्हणून, यादीत नव्या ओळीवर लागलं. जुनी फाइल होती तिथेच राहिली आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये तोवर तिचीच लिंक फिरत होती. शुद्धीपत्रक शोधत कुणी येत नसतं. आपल्याला 52 टक्के आहेत हे पाहून माणूस पान मिटतो, तो परत कशाला येईल? निवड यादी लागल्यावर एका मुलीचा ईमेल आला: मला 52.4 टक्के आहेत, ओबीसी, नॉन-क्रीमीलेयर आहे, मला अर्ज करता आला असता का? उत्तर "हो" होतं. ते पाठवण्याआधी विभागाला विचारलं, तर तिकडून आलं: "नियम सगळ्यांना माहीतच असतात." नव्हता माहीत. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी एम.ए. झालं, त्याला तर जाहिरात म्हणजेच नियम.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: बदल झाला की त्याच पानावर, त्याच पत्त्यावर, सगळ्यात वर, तारखेसह आणि पूर्ण वाक्यात. "मुदत वाढली" एवढ्यावर भागत नाही. जुनी तारीख, नवी तारीख आणि संध्याकाळचे पाच की रात्रीचे 11.59, हे तिन्ही हवं. सही-शिक्क्याचा कागद खाली जोडा, माझी हरकत नाही.

स्कॅन नको म्हणतो तेही लहर म्हणून नाही. स्कॅन म्हणजे फोटो. गूगलला तो नीट वाचता येईलच असं नाही, अंध उमेदवाराच्या स्क्रीन रीडरला तर त्यात अक्षरच सापडत नाही. कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पानावर चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी होते. युनिकोडची पीडीएफसुद्धा भरवशाची नाही: त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, जोडाक्षरं फुटलेली दिसतील. म्हणून वर्ड फाइल मागतो, पानावर मजकूर म्हणूनच लावतो आणि साध्या मोबाइलवर उघडून बघतो. निवड यादीची एक्सेल तशीच चढवत नाही, कारण लपवलेल्या रकान्यांत मोबाइल नंबर आणि जन्मतारखा असतात.

इथवर मी ठाम आहे. पुढे नाही.

मुदत संपलेली जाहिरात काढून टाकावी, असं मी पूर्वी सांगत असे. आता "मुदत संपली" असा ठळक पट्टा लावून ठेवतो, कारण पुढच्या वर्षीचा उमेदवार तीच वाचून तयारी करतो. तरी पट्टा न बघता अर्ज करणारे निघतातच, आणि तेव्हा माझं जुनं मत मलाच पटायला लागतं.

दुसरं म्हणजे सगळ्यांना एकच साचा. विषय, पैसा, मुदत, पात्रता हे चार रकाने भरल्याशिवाय पान लागणार नाही, हा माझा नियम. प्रयोगशाळेच्या विभागांना तो चालतो. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे विषय विद्यार्थी घेऊन येतो, पैसा नसतो, मग काय लिहू?" त्यांच्या पानावर सध्या मार्गदर्शकाच्या अभ्यासाची क्षेत्रं आहेत, आधी पूर्ण झालेल्या प्रबंधांचे विषय आहेत आणि पैशाच्या रकान्यात "विभागाकडून मानधन नाही" असं स्वच्छ लिहिलंय. भौतिकशास्त्राच्या सरांना ही सवलत वाटते. त्यांनाही तो रकाना असाच भरायचा आहे, खिशात चालू प्रकल्प असताना. तो मी भरू दिलेला नाही, आणि त्यांची फाइल अजून माझ्याकडेच आहे.