ओट्याची उंची

लेकीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि आमच्या नात्यागोत्यात श्रेयाची लढाई सुरू झाली. उड्डाणपुलाच्या उद्घाटनाला जशी सगळ्या पक्षांची माणसं नारळ घेऊन येतात, तसे सगळे पेढे न्यायला आले आणि जाताना आपापला दावा ठेवून गेले.

पहिला मान मामाचा. पाचव्या वाढदिवसाला त्यानं ठोकळ्यांचा डबा दिला होता. ‘अरे, फ्रँक लॉइड राइट माहितीये का, अमेरिकेतला थोर आर्किटेक्ट? त्याच्या आईनं 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात, बालवाडी सुरू करणाऱ्या फ्रोबेलचे लाकडी ठोकळे पाहिले आणि पोराला आणून दिले. पुढं काय झालं बघ!’ हे त्यानं आदल्या रात्री मोबाइलवर वाचलेलं असणार, पण खोटं नव्हतं. राइट स्वतः म्हातारपणीही त्या मेपलच्या ठोकळ्यांचं नाव काढत असे. आमच्या मामाचे ठोकळे प्लास्टिकचे होते आणि त्यातले निम्मे कपाटाखाली गेले ते घर रंगवायला काढलं तेव्हाच सापडले, एवढाच काय तो फरक.

आत्याचं म्हणणं, तिनं पोरीला ठिपक्यांची रांगोळी शिकवली, म्हणून नकाशा काढता येतो. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, सोसायटीच्या आवारातल्या दिवाळीच्या किल्ल्याला तट त्यानं बांधायला शिकवला. बायको काहीच बोलली नाही. ‘नाटा’ या आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरण्यापासून प्रवेशाच्या फेऱ्यांपर्यंत सगळं तिनं केलं होतं, आणि पाच वर्षांच्या फीचा हिशोबही तिच्याच वहीत आहे. तिला दावा करायची गरज नव्हती.

आता एखाद्याच्या घरातून हे वेड येतं, यात शंका नाही. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी 1927 साली पुण्यात जन्मले ते फर्निचरचा व्यवसाय असलेल्या एकत्र कुटुंबात. लाकडाचा भुसा आणि रंध्याचा आवाज यांतच मोठे झाले. 2018 साली प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वांत मानाचं पारितोषिक मिळालेले ते पहिले भारतीय. आयआयटी कानपूरचं संकुल उभारणारे अच्युत कानविंदे आपल्या कोकणातले, आचऱ्याचे. वडील चित्रकलेचे शिक्षक. स्वित्झर्लंडचा आर्किटेक्ट पीटर झुमथोर सुताराचा मुलगा, स्वतःही आधी सुतारकाम शिकलेला. ही सगळी मंडळी वाचली की वाटतं, सरळ आहे हिशोब.

पण आमच्या नेरुळच्या घरात ना कारखाना, ना चित्रकार. आमच्याकडे होती ती कुरकुर. घराबद्दलची, अखंड, पिढीजात कुरकुर. माझ्या मते खरं श्रेय तिचं.

या कुरकुरीच्या मुख्य गायिका म्हणजे आमच्या आई. त्यांचं लग्नानंतरचं पहिलं घर ठाण्यात, चरईत. कौलारू, दुमजली. ओटी, माजघर, मागं अंगण, अंगणात तुळस आणि धुण्याचा दगड. वर जायला लाकडी जिना इतका उभा, की धरायला वरून दोर सोडलेला. त्या जागी आता बिल्डिंग आहे, खाली मोबाइलचं दुकान. पण आईच्या बोलण्यात ते घर अजून उभं आहे आणि प्रत्येक वाद तिथंच जाऊन संपतो. दुपारी हॉलमध्ये बसवत नाही? ‘चरईच्या माजघरात उन्हाळ्यात पंखा लागायचा नाही.’ जुलैत गॅलरीत पाणी? ‘तिकडे पडवी होती. पाऊस पडवीत यायचा, घरात नाही.’

हे ऐकून ऐकून लेक एकदा, सातवी-आठवीत असेल, विचारती झाली, ‘आजी, पण का लागायचा नाही पंखा?’ झालं. आईंना असा श्रोता आयुष्यात मिळाला नव्हता. माजघराला बाहेरची भिंतच नसते, चहूबाजूंनी खोल्या, मग ऊन शिवणार कुठून? कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. भिंती हातभर जाड, त्या तापेपर्यंत संध्याकाळ होते. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, खाडीकडे. वारा छान येतो, पण तीननंतर ऊनही तिथूनच येतं आणि वर छज्जा जेमतेम दीड फुटाचा. नैऋत्येकडून तिरका येणारा पाऊस असल्या छज्जाला भीक घालत नाही. हे सगळं आईंनी कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगितलं. मी तिथंच पेपर वाचत होतो. चाळीस वर्षं हीच कुरकुर मी ऐकत आलो होतो, पण तिच्या पोटात एवढी माहिती आहे असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा सूर बाबांचा. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत फिटर होते. निवृत्त झाले तरी मेजर टेप खिशातच. ते तोंडानं कुरकुरत नाहीत, मापं घेतात. दरवाजा घासतो? ‘दोन सूत वाढलाय,’ म्हणजे पाव इंच. सोसायटीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर नवी माणसं हमखास ठेचकाळतात. बाबांनी टेप लावून दाखवलं, तिथली एक पायरी बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच उंच आहे. ‘पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो, मग डोक्याला विचारत नाही.’ लेकीनं मग चढण्याउतरण्याचा छंदच घेतला. डोळे मिटून कुठला जिना चढता येतो आणि कुठला नाही. शेजारच्या काकूंनी एकदा मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, ‘सगळं ठीक आहे ना?’ पुढं पहिल्याच वर्षी कॉलेजात सूत्र शिकवलं: दोन चढ (पायरीची उंची) अधिक एक पावटी (पाय ठेवायची रुंदी) मिळून साधारण 60 ते 65 सेंटिमीटर, माणसाच्या एका पावलाएवढं. बाबांना ते फार पटलं. सेंटिमीटर तेवढे पटले नाहीत.

आणि गणपती. दीड दिवसाचा गणपती आणि आठवडाभर फर्निचरची हलवाहलव. सोफा बेडरूममध्ये, बेडरूममधलं टेबल गॅलरीत, गॅलरीतल्या कुंड्या जिन्यात, कुंड्यांबद्दल सेक्रेटरींचा फोन. मखर कुठं, आरतीला वीस माणसं उभी कुठं राहणार, मोदकांची परात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर कसं यायचं, यावर दरवर्षी तीच भांडणं. नववीत असताना लेकीनं चौकटीच्या वहीतलं पान फाडलं, एक चौकोन म्हणजे अर्धा फूट धरला आणि सोफा, टेबल, मखर असे कागदाचे तुकडे कापून सरकवत बसली. त्या वर्षी सोफा हलवावा लागला नाही. फक्त नव्वद अंशांत फिरवला. आईंनी तो कागद देवघराच्या खणात जपून ठेवला आहे.

पण ज्या एका गोष्टीवरून आमच्या घरात सर्वांत जास्त शब्द खर्ची पडले, ती म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा 34 इंच. आई चार फूट दहा इंच, बायको साडेपाच फूट. पोळ्या लाटताना आईंचे खांदे कानांपर्यंत जातात, भांडी घासताना बायकोची पाठ भरून येते. बाबांनी फार पूर्वी आईंसाठी एक फळी ठोकून दिली, खाली दोन पट्ट्या, वर जुना रबरी पायपुसणा. तिच्यावर उभं राहून आई लाटतात. बायको आली की ती फळी पायानं फ्रिजखाली सरकवते, आई आल्या की पायानंच बाहेर ओढतात. या देवाणघेवाणीत दोघी एकमेकींशी काही बोलत नाहीत, आणि ते बरंच आहे.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात लेकीला काम मिळालं: घरातली एक जागा मोजा, ती वापरणाऱ्या माणसांसकट. तिनं ओटा घेतला. हात कोपरात वाकवून उभं राहिलं की कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर कामाची पातळी हवी, असा ढोबळ नियम. आईंचं कोपर जमिनीपासून 36 इंचांवर. म्हणजे ओटा 31 हवा, तीन इंच जास्त. बायकोला 36-37 लागतो, दोन-तीन इंच कमी. 34 हा आकडा दोघींच्या बरोबर मध्ये, म्हणजे दोघींनाही न सोसणारा. मग तिनं फ्रिजखालून फळी काढून मोजली. बरोबर तीन इंच. ‘आजोबा, तुम्ही कसं काढलंत हे?’ बाबा म्हणाले, ‘हिच्या खांद्याकडे बघत एकेक पट्टी वाढवत गेलो.’ आई तिकडून ओरडल्या, ‘एवढं सांगायला कॉलेज कशाला? मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.’

लेकीनं ती फळी नकाशात काढली, पायपुसण्यासकट. छेदचित्रात आजी फळीवर, आई फळीशिवाय. शीटच्या कोपऱ्यात शेरा होता, ‘फळी उत्तम.’ बाबा तो शेरा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

मध्यंतरी एका रविवारी ती सगळ्यांना सीबीडी बेलापूरला घेऊन गेली, आर्टिस्ट्स व्हिलेज बघायला. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात सिडकोसाठी केलेली ही वसाहत. सात-सात घरं एकेका छोट्या, आठ मीटर चौरस अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून मोठं अंगण. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्यानं वाढवावं. बऱ्याच लोकांनी ते मनावर घेतलंय, मूळ उतरत्या छपराची घरं आता शोधावी लागतात. लेक त्यामुळे हिरमुसली. बाबांना मात्र आनंद झाला. ‘वाढवता आलं म्हणूनच राहिली ना माणसं!’ आई अंगणात कठड्यावर बसल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘वाळवण इथं घालत असतील का गं?’ समोरच्याच घरापुढं सुपात मिरच्या होत्या.

आता तिसरं वर्ष चालू आहे. जेवणाच्या टेबलावर मॉडेलसाठीचे माउंटबोर्डचे पुठ्ठे आणि फेव्हिकॉल, जेवण जमिनीवर. आणि कुरकुर तिच्याकडे गेली आहे, तीही नकाशासहित. बटणांचा बोर्ड दारामागे का, कपाटाचं दार उघडलं की खिडकी का अडते, दिवाणखान्यात शिरताना आधी चपलाच का दिसतात. तिला स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत फोडून मधे झरोका हवाय, वारा आरपार जाईल म्हणते. आईंना त्याच जागी फडताळ हवंय, वारा आरपार गेला तर फोडणीही जाईल म्हणतात. भिंतीवर दोघींनी खडूनं आपापले चौकोन आखून ठेवलेत. बाबांनी मापं घेतली. दोन्ही बसतात, पण एका वेळी नाही. शिवाय ती भिंत पाडण्याआधी इंजिनियरला विचारावंच लागेल, असं लेकच सांगते. बायको म्हणते, इंजिनियर येईल तेव्हा येईल, तोवर बाथरूमची कडी तेवढी कुणीतरी बसवा.