निर्वासितांचे ग्रीन कार्ड आणि मागे सरकणारी तारीख

अमेरिकेतल्या मराठी घरांत ग्रीन कार्डचा विषय निघाला की बोलणे कंपनी, वकील आणि प्रायॉरिटी डेट (रांगेतली आपली जागा ठरवणारी तारीख) यांपलीकडे सहसा जात नाही. त्याच रांगेत उभा असल्यामुळे मलाही बरीच वर्षे दुसरी वाट ठाऊक नव्हती. निर्वासितांच्या वाटेला मालकाची शिफारस लागत नाही आणि देशनिहाय कोटाही लागू होत नाही. मात्र तिच्यावर पाऊल ठेवण्याची अट अशी आहे की कोणी तिचा हेवा करू नये.

१९८० च्या निर्वासित कायद्यानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची सार्थ भीती सिद्ध करावी लागते. परदेशात असतानाच निवड होऊन जो येतो तो निर्वासित, आणि अमेरिकेत किंवा तिच्या सीमेवर पोहोचून आश्रय मागतो व ज्याला तो मिळतो तो आश्रित. कसोटी एकच असली तरी पुढचा व्यवहार सारखा नाही. निर्वासिताने वर्षभराच्या वास्तव्यानंतर कायम वास्तव्यासाठी, म्हणजेच ग्रीन कार्डसाठी, अर्ज करणे बंधनकारक असून त्याला आय-४८५ या अर्जाचे शुल्क पडत नाही. आश्रिताला वर्षाच्या वास्तव्याची अट असली तरी अर्ज ऐच्छिक आहे, शुल्क आहे आणि मंजुरी अधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकारावर अवलंबून आहे. आश्रितांवर तर वर्षाला १०,००० कार्डांची मर्यादाही होती. ती २००५ मध्ये उठली. सरकारवर आर्थिक भार होण्याची शक्यता मात्र दोघांच्याही बाबतीत नकाराचे कारण ठरत नाही, आणि सर्वस्व मागे टाकून आलेल्या माणसाच्या बाबतीत ते योग्यच आहे.

सर्वांत कुतूहलाची गोष्ट तारखेची आहे. समजा, एक निर्वासित मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत आला, त्याच महिन्यात दुसऱ्या कोणाला आश्रय मिळाला, आणि दोघांचीही कार्डे नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झाली. निर्वासिताचे कायम वास्तव्य आगमनाच्या दिवसापासून, म्हणजे मार्च २०१९ पासून धरतात. आश्रिताचे मंजुरीच्या केवळ एक वर्ष आधीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासून. नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षे इथून मोजतात, त्यामुळे कार्यालयातल्या दिरंगाईची झळ एकाला लागत नाही आणि दुसऱ्याला पुरेपूर लागते. या भेदाचे पटेल असे समर्थन मला सापडलेले नाही.

कुटुंबाच्या बाबतीत तर आश्रितांनी विशेष जपून राहावे. मागे राहिलेल्या जोडीदारासाठी आणि अविवाहित, २१ वर्षांखालील मुलांसाठी आय-७३० हा अर्ज आश्रय मिळाल्यापासून साधारणपणे दोन वर्षांच्या आत भरावा लागतो. शिवाय मूळ अर्जदाराने स्वतः नागरिकत्व घेतले आणि पत्नीचे ग्रीन कार्ड तोवर झालेले नसेल, तर त्याच्या आधारे मिळालेल्या दर्जावर तिला ते मिळत नाही. तिला स्वतःच्या नावाने आश्रयाचा वेगळा अर्ज करावा लागतो किंवा पतीने नागरिक म्हणून तिच्यासाठी नव्याने अर्ज भरावा लागतो. म्हणून जाणते वकील घरातल्या सर्वांचे आय-४८५ एकदमच भरून घेतात.