चातुर्मास आणि बग्गीच्या घोड्याचे खूर

आषाढी एकादशी उलटली की इंदुरात वरातीचे बँड थांबतात आणि बग्गीचे घोडे तबेल्यात बांधले जातात. पुढचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचे असतात. या चार महिन्यांत, आणि २०२३ सारख्या अधिक श्रावणाच्या वर्षी पाच महिन्यांत, घोड्याची कमाई काही नसते आणि चाऱ्याचा खर्च मात्र चालूच राहतो. मालक मग सर्वांत आधी नालबंदाची फेरी बंद करतो. लग्नसराईच्या शेवटी ठोकलेली नाल कार्तिकापर्यंत खुरावर तशीच राहते आणि पहिल्या मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी नालबंदाला घाईने बोलावणे जाते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून मी या शहरातले ओझ्याचे आणि बग्गीचे घोडे तपासत आलो आहे. खुराची बिघडलेली ठेवण सुधारायची असेल, तर त्यासाठी वर्षात चातुर्मासाइतका सोयीचा काळ दुसरा नाही, आणि नेमका तोच काळ आपण वाया घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण खुराच्या वाढीत आहे. खुराची बाहेरची भिंत केसाळ कातडीच्या कडेपासून खाली वाढते आणि तिचा वेग महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर असतो. पुढचा भाग उंच असल्यामुळे तिथली भिंत वरून खालपर्यंत पूर्ण नवी यायला नऊ महिने ते वर्षभर लागते, तर टाचेकडचा भाग आखूड असल्याने तो चार-पाच महिन्यांत बदलतो. म्हणजे देवशयनीपासून देवउठनीपर्यंत, आषाढी ते कार्तिकी एकादशी, घोड्याला जवळजवळ संपूर्ण नवी टाच आणि पुढची एक तृतीयांश ते निम्मी भिंत मिळते. ही नवी वाढ कोणत्या दिशेने येते, हे त्या काळात कानस कशी चालली यावर अवलंबून असते. नाल बसलेला खूर जमिनीवर झिजत नाही, म्हणून कानस चाललीच नाही तर वाढ सगळी पुढे सरकते. पंजा, म्हणजे खुराचा पुढचा भाग, लांबत जातो, नालही त्याच्याबरोबर पुढे जाते, तिची मागची टोके टाचेचा आधार सोडून आत रुततात आणि टाच तिच्याखाली दबून चपटी होते. पंजा लांब झाला की पाऊल उचलताना खूर उशिरा वळतो, पायामागून खाली येणाऱ्या मोठ्या स्नायुबंधावर जादा ताण येतो आणि तो ज्या छोट्या नौकाकृती हाडावरून वळतो त्या हाडावर दाब वाढतो. हे सारे एका दिवसात लंगडेपण म्हणून दिसत नाही. घोडा आधी पाऊल आखूड टाकू लागतो, चढावर नाखुशीने ओढतो, आणि मालक त्याला आळशी ठरवतो.

पावसाळ्याची भर वेगळीच असते. माळव्याची काळी माती ओली झाली की खुराच्या तळव्यात घट्ट भरते, तबेल्यात लघवीचा ओलावा असतोच, आणि तळव्याच्या मध्यावर असलेली पुतळी, म्हणजे तो त्रिकोणी, रबरासारखा लवचीक भाग, कुजायला लागतो. काळा स्राव आणि नाकाला झोंबणारी दुर्गंधी ही त्याची खूण आहे. ही कुज करणारे जिवाणू हवेवाचून वाढणारे असतात, म्हणून चिखल भरलेला आणि महिनोन्‌महिने नालेखाली झाकलेला खूर त्यांना फार मानवतो. जळके इंजिन ऑइल चोपडण्याची आपल्याकडची पद्धत मला मुळीच पटत नाही, कारण त्याने खुराला चकाकी येते, पण हवा आणखीच अडते. खूर रोज उकरून साफ करावा, सुटलेला मेलेला भाग कापावा, सौम्य आयोडीन लावावे आणि घोड्याला उंच, निचरा होणाऱ्या मुरुमाच्या जागेवर उभे करावे, एवढ्यानेच बहुतेक पुतळ्या सुधारतात.

मल्हारगंजाकडच्या एका बग्गीवाल्यांनी मला विचारले होते, “डॉक्टरसाहेब, बसल्या घोड्याला नाल कशाला?” मी म्हणालो, “दादा, नाल नकोच, ती काढून टाका. पण नालबंदाला मात्र दर महिन्याला येऊ द्या.” त्यांचा प्रश्न अर्धा बरोबर होता. रिकाम्या घोड्याला लोखंडाची गरज नसते आणि बहुतेक खुरांना काही महिने अनवाणी राहणे मानवते, कारण भार पडताना टाचा मोकळेपणी फाकतात आणि पुतळी जमिनीला टेकून आपले काम करते. तळवा फारच पातळ आणि सपाट असेल, किंवा अंगणात खडी पसरलेली असेल, तर मात्र मी नाल काढायला सांगत नाही. नाल काढल्यावर भिंतीची खालची कड कानशीने गोल करावी लागते, नाहीतर ओलाव्याने मऊ झालेल्या कडेचे तुकडे पडतात आणि दोष अनवाणीपणाला दिला जातो.

सुधारणेची छाटणी सुरीने सुरू होत नाही, ती पाहण्यापासून सुरू होते. घोडा सपाट जागेवर चारही पाय सारखे ठेवून उभा करावा आणि बाजूने पाहावे. खुराची पुढची भिंत आणि तिच्या वरच्या तिरक्या हाडांची रेषा एका सरळ रेषेत असली पाहिजे. पुढच्या पायांत हा कोन बहुधा ५० ते ५५ अंशांच्या आसपास येतो, मागच्या पायांत थोडा जास्त. पण आकडा घोड्यागणिक बदलतो, म्हणून कोनमापकापेक्षा ही रेषा मोडली आहे का ते पाहणे अधिक महत्त्वाचे. पंजा लांब आणि टाच खचलेली असेल तर रेषा मागे मोडते, टाच फार उंच असेल तर पुढे मोडते. मग घोडा समोरून आपल्याकडे चालवत आणावा आणि खुराच्या दोन्ही बाजू जमिनीला एकदम टेकतात की एक आधी आणि एक नंतर, ते पाहावे. एवढे झाल्यावरच पाय उचलून तळवा बघावा, कारण तळव्याकडे आधी पाहिले की हात आपोआप कापायला लागतो.

कापताना सर्वांत मोठा मोह तळवा चकचकीत करण्याचा आणि पुतळी टोकदार कोरण्याचा असतो. मालकाला ते सफाईदार दिसते आणि नालबंदाला त्याची दाद मिळते, पण तळव्याची जाडी हेच आतल्या हाडाचे संरक्षण असते. निरोगी खुराच्या क्ष-किरण चित्रात ती साधारण दीड सेंटिमीटर दिसते, आणि सुरीच्या दोन-तीन हौशी फटक्यांत त्यातला बराच भाग उडतो. म्हणून सुटलेले पापुद्रे तेवढे काढावेत आणि जिवंत तळवा राहू द्यावा. लांबलेला पंजा मागे घ्यायचा असेल तर खालून थोडे कापून पुढच्या कडेवर कानस तिरकी चालवावी, बाहेर फाकलेल्या भिंतीचा फाकवा हळूहळू उतरवावा, आणि खचलेल्या टाचा पुतळीच्या रुंद भागापर्यंत मागे येतील इतक्याच खाली घ्याव्यात. खचलेली टाच आधीच लहान आहे म्हणून ती न कापता वाढू द्यावी, असे अनेकांना वाटते. पण ती वाकडीच वाढत राहते, म्हणजे लांब होते तरी उंच होत नाही. तिचा दुमडलेला भाग काढला तरच वरून येणारी नवी टाच सरळ उतरते.

हे सगळे एका बैठकीत होत नाही आणि करूही नये. चार आठवड्यांच्या अंतराने थोडे-थोडे कापले की स्नायुबंध आणि सांधे नव्या कोनाशी जुळवून घेतात. एकाच दिवशी कोन सरळ केला तर घोडा दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट चालतो आणि मालकाचा छाटणीवरचा विश्वासच उडतो. चातुर्मासाची सोय इथेच आहे, कारण लग्नसराईत घोड्याला दोन दिवस जपून चालवायचीही मोकळीक नसते.

एका गोष्टीवर मी नालबंदांशी अनेकदा वाद घातला आहे. मोठ्या घोड्याचा पाय आत किंवा बाहेर वळलेला असेल तर खुराची एक बाजू जास्त कापून पाय सरळ करता येतो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शिंगरात ते काही प्रमाणात खरे आहे. नडगीच्या, म्हणजे पुढच्या गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, खालच्या टोकाची वाढ पहिल्या तीन-चार महिन्यांतच बहुतांशी आटोपते, गुडघ्याच्या वरच्या हाडाची दीड-दोन वर्षे चालू राहते, आणि त्या मुदतीत छाटणीने पायाला वळण लावता येते. आठ वर्षांच्या घोड्याची हाडे मात्र पक्की झालेली असतात. त्याच्या खुराची एक बाजू खाली घेतली की पाय सरळ होत नाही, फक्त सांध्याच्या एका बाजूवर भार चढतो. मोठ्या घोड्यात त्याच्या स्वतःच्या ठेवणीला साजेसा तोल साधायचा असतो, चित्रातला सरळ पाय नव्हे.

आता नालेविषयी. आपल्याकडे बहुतेक नालबंदी थंड पद्धतीची आहे. ठरावीक मापांची तयार नाल घेतली जाते, ती ऐरणीवर जुजबी वाकवली जाते, आणि जिथे बसत नाही तिथे खुराची भिंत कानशीने घासून नालेच्या मापाची केली जाते. तयार चपलेत टाच मावत नाही म्हणून टाच तासावी, तसाच हा प्रकार आहे. नाल खुराच्या छाटलेल्या कडेप्रमाणे घडवली पाहिजे. मागे ती टाचेच्या थोडी पलीकडे पोहोचली पाहिजे आणि टाचेकडे बाजूंनीही किंचित बाहेर दिसली पाहिजे, म्हणजे फाकणाऱ्या टाचेला आधार उरतो. खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढेच असावेत, कारण त्यामागे ठोकलेला खिळा टाच जखडून टाकतो. नालबंदीच्या तयार खिळ्याच्या डोक्यावर एका बाजूला ठसा असतो. ती बाजू आत ठेवली की खिळ्याचे टोक बाहेरच्या दिशेने वळत जाते आणि जमिनीपासून साधारण पाऊण इंचावर भिंतीतून बाहेर येते. फार खाली बाहेर आलेला खिळा नाल धरत नाही, आणि आत वळलेला जिवंत भागाला टोचतो. ठोकता ठोकता हातोडीचा आवाज बोथट झाला किंवा घोडा दचकला तर तो खिळा तिथल्या तिथे काढावा, पुढे रेटू नये.

मोबाइलवर हल्ली शायर, पर्शेरॉन, बेल्जियन अशा परदेशी भारवाही घोड्यांच्या नालबंदीच्या चित्रफिती फार पाहिल्या जातात, आणि त्या दाखवून काही मालक तशीच भारी नाल मागतात. तो घोडा ८०० ते १००० किलोचा असतो, तर आपल्या बग्गीतला बहुधा ३०० ते ४०० किलोचा. त्याच्या पायावरचे लोखंड याच्या पायात अडकवले की प्रत्येक पावलाला उगाच वजन उचलावे लागते. त्यातही प्रदर्शनातल्या घोड्यांचे खूर मुद्दाम लांब व फाकलेले ठेवून त्यांवर बाहेर उतरती होत जाणारी रुंद पट्टी ठोकतात, म्हणजे पाय भव्य दिसतो. ती शोभा आहे, उपचार नव्हे, आणि तिच्यामुळे भिंत फाटते हे तिथले जाणते नालबंदही सांगतात. त्या घोड्यांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे नालेच्याच लोखंडातून पुढे किंवा बाजूंना वर काढलेले छोटे कान. ओढताना नालेला जो रेटा बसतो तो हे कान भिंतीवर घेतात आणि खिळ्यांची भोके मोठी होत नाहीत. भट्टी असलेल्या कोणत्याही नालबंदाला ते काढता येतात. दुसरी गोष्ट त्यांच्या कायद्याची. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणीकृत माणसाशिवाय कोणालाही घोड्याला नाल ठोकता येत नाही आणि नोंदणीसाठी काही वर्षांची उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंदाला रीतसर शिक्षण मिळते, पण शहरातला नालबंद वडिलांच्या हाताखालीच शिकतो. त्याचा हात बहुतेक वेळा माझ्यापेक्षा चांगला असतो. कमी पडते ते आत काय आहे याचे चित्र, आणि ते त्याला दाखवायला आमच्यातले फार थोडे लोक बसतात.

इंदूरचे बरेच रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत आणि गुळगुळीत पोलाद सिमेंटवर घसरते. यावर नालेच्या मागच्या टोकांना खाली वळवून उंच खुंट्या करण्याचा उपाय सर्रास केला जातो. त्याने पकड मिळते, पण पाय जमिनीवर एकदम अडकतो आणि वळताना सांध्याला पीळ बसतो. टंगस्टन कार्बाइडचे छोटे दाणे डोक्यावर बसवलेले खिळे मिळाले तर ते चांगले. शहरात गाडी ओढणाऱ्या घोड्यांसाठी काही देशांत रबराची किंवा पॉलियुरेथेनची नालही वापरतात, तिने धक्काही कमी बसतो.

खुरावर आडव्या कड्या उमटल्या असतील आणि त्यांतली अंतरे पुढे अरुंद व टाचेकडे रुंद होत असतील, तर मात्र प्रश्न नुसत्या छाटणीचा राहत नाही. रिकामा घोडा, पावसाळ्याचे कोवळे गवत आणि वर दाणा, किंवा लग्नसराईत खाऊ घातलेल्या उरलेल्या पुऱ्या-मिठाया, यांतून खुराच्या आतल्या पडद्यांना सूज येते आणि आतले हाड भिंतीपासून सुटू लागते. अशा घोड्याचे क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय कोणी सुरी हातात घेऊ नये. पुतळीला आधार देणारी खास नाल त्याला उपयोगी पडते, पण ती त्या चित्रावरून मापून घडवलेली असावी.

देवउठनीच्या आठ-दहा दिवस आधी नाल चढवावी. अनवाणी राहिलेल्या घोड्याला पुन्हा लोखंडाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच, शिवाय एखादा खिळा जवळून गेला असेल तर ते याच दिवसांत कळते. खुराला हात लावून तो दुसऱ्या खुरापेक्षा गरम लागतो का ते रोज पाहावे, घोडा रिकाम्या बग्गीला जुंपून सकाळच्या थंड वेळी थोडा फिरवावा, आणि त्यानंतरच वरातीची सुपारी घ्यावी. पुढची तारीख नालबंदाबरोबर त्याच दिवशी ठरवून ठेवावी, सहा आठवड्यांनंतरची, मग त्या दिवशी मुहूर्त असो वा नसो.