दोन साडूंची पेन्शन

नोव्हेंबर लागला की बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तांची रीघ लागते. पेन्शनचे काम माझ्याकडे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात दोन साडू एकत्रच माझ्यासमोर येऊन बसले. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, तर दुसरे सूतगिरणीत चोवीस वर्षे नोकरी करून २०२० साली अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसलेले काका. गुरुजींचा दाखला लगेच झाला. काकांच्या बोटांच्या रेषा मात्र इतक्या झिजल्या होत्या की यंत्र ठसा घेईना. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरून, पापण्यांची उघडझाप करून त्यांचा दाखला निघाला.

मग त्यांनी दोन्ही पासबुके माझ्यापुढे उघडी ठेवली. "मॅडम, ह्यांची रक्कम सारखी वाढते. माझी चार वर्षांत एक रुपयानं हललेली नाही. काही चुकलंय का, बघता का?"

मी हिशोब कागदावर मांडला. गुरुजींना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते आणि तिच्यावर महागाई भत्ता असतो, ज्याचे दर जानेवारी आणि जुलैपासून बदलतात. काकांची पेन्शन कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मधली. तिच्यात पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे सूत्र आहे. पण पगार धरायचा तो मर्यादेपुरताच. शेवटी त्यांच्या हातात बावीस हजार येत असले, तरी ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या अठरा वर्षांसाठी ६,५०० आणि पुढच्या सहा वर्षांसाठी १५,००० रुपयेच धरले गेले. पहिल्या भागाचे १,६७१, दुसऱ्याचे १,२८६ आणि वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणाऱ्या वाढीव दोन वर्षांचे थोडे, असे मिळून तीन हजारांहून जरा अधिक. पासबुकातला आकडा बरोबर होता. काहीतरी चुकलेले सापडले असते तर अर्ज करून दुरुस्त तरी करता आले असते.

या योजनेत महागाई भत्ता नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरली आहे, त्यामुळे काकांपेक्षाही कमी रकमेवर दिवस काढणारे आमच्या शाखेत येतात. पेन्शन पुरते का, हा प्रश्न आपण बहुधा निवृत्तीच्या दिवशी विचारतो, आणि तो त्या दिवसापुरताच विचारला तर उत्तर फसवे येते. महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत गेली, तर साधारण चौदा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. म्हणजे काका बहात्तर वर्षांचे होतील तेव्हा हातात तेच तीन हजार असतील, पण त्यांत निवृत्तीच्या वेळच्या दीड हजाराचीच खरेदी होईल. नेमके तेव्हाच औषधपाणी वाढलेले असणार. भविष्य निर्वाह निधीची रक्कम घराच्या दुरुस्तीत आणि मुलीच्या लग्नात संपली होती. जी पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, तिला मी पुरेशी म्हणणार नाही, मग तिचा पहिला आकडा कितीही असो.

काकांनी पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारला: "माझ्यामागं हिला किती?" निम्मी, मी सांगितले, आणि तीही तशीच गोठलेली. गुरुजींच्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर महागाई भत्ता मिळत राहील, हे त्यांच्या देखत सांगणे मला जड गेले. गुरुजी स्वतःच म्हणाले, "आम्ही दोघंही साठी ओलांडलेलेच ना? मग बाजारात भाव वेगळे का असतील?"

मी काकांचा पेन्शन आदेश मागून घेतला. त्यात काकूंची जन्मतारीख आधारकार्डाशी जुळत नव्हती. असा फरक पुढे एकट्या बाईला हेलपाटे घालायला लावतो, हे मी या खुर्चीवर अनेकदा पाहिले आहे. म्हणून दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरून घेतला आणि लागणाऱ्या कागदांची यादी गुरुजींकडे दिली. रक्कम वाढवणे माझ्या हातात नव्हते. काकूंना निदान ती वेळेवर मिळावी, एवढीच तजवीज मला करता आली.