बांधावरची भोकं बुजवू नका

भोपळ्याचं बारकं फळ पिवळं पडून गळायला लागलं की सल्ला ठरलेला: परागीभवनासाठी मधमाश्यांची पेटी ठेवा. ठेवा की. पण वेलाच्या फुलांवर सातेरीसोबत (ही पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) तिच्याच कुळातल्या, पण एकट्यानं राहणाऱ्या माश्याही राबतात. या कुळाच्या जगातल्या साधारण ७० टक्के जाती जमिनीतच घर करतात.

बांधाच्या उन्हाकडच्या, गवत विरळ असलेल्या उतारावर पेन्सिल जाईल एवढं भोक बघा. तोंडाशी चाळल्यासारखी भुसभुशीत माती असते. सकाळी नऊच्या सुमारास जरा थांबलात तर पायाला पराग माखलेली माशी आत शिरताना दिसेल, म्हणजे ते मुंगीचं भोक नव्हे. आत मादी कोठडीला अंगातल्या ग्रंथीचा स्राव लिंपते, त्यानं ओल आणि बुरशी अडते. मग पराग-मधुरसाचा गोळा आणि त्यावर एकच अंडं. कित्येक जातींत फुलावरून आलेले आंबवणारे जिवाणू हा गोळा विरजणासारखा आंबट करतात, म्हणजे बुरशीला तिथं जमत नाही. पाणी साचलं की मात्र लेप पुरत नाही, गोळ्याला बुरशी धरते नि अळी मरते. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या पावसात म्हणून बांधाला उतार हवाच. चिक्कोडीकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथं विहिरीचा मुरमाड काठ राखा. ट्रॅक्टरचा रोटर दोन्हीकडे लांबच.

तणनाशकाचं तर विचारूच नका. ग्लायफोसेटनं माशी लगेच मरत नाही, म्हणून ते 'सेफ' म्हणून खपतं. ते ज्या एन्झाइमला अडवतं ते माशीत नसतं, पण तिच्या आतड्यातल्या बऱ्याच जिवाणूंत असतं. मधमाश्यांवरच्या २०१८च्या प्रयोगात हे जिवाणू घटले आणि माश्या संसर्गाला जास्त बळी पडल्या. बांधावर विळाच बरा.

उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी मेटारायझियम वापरता? चांगलं आहे, पण ती किड्याच्या कातडीतून आत शिरणारी बुरशी, माशीलाही ती सोडेलच असं नाही. शेणखतात मिसळून सरीत द्या, बांधावर आणि फुलावर नको. डीएपी या स्फुरदाच्या खताचाही हात आखडता घ्या. स्फुरद जास्त झालं की मुळांवरची मायकोरायझा, म्हणजे पिकाला साथ देणारी बुरशी, आटते, आणि काही पिकांत फुलं नि मधुरस तिच्या जोरावर वाढतात.

जमिनीला द्यायच्या जीवामृताला, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाला, २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधाची मूठभर माती लागते. ती मूठ न फवारलेल्या बांधाची घ्या, आणि भोकांपासून चार हात लांबून.